दादा आत आसत

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून एक बंद दुकान आहे. अजूनही अधूनमधून बाहेरगावचा एखादा माणूस पिशवीत काहीतरी घेऊन त्याच्या पायरीवर येऊन उभा राहतो, कुलपाकडे बघतो आणि मग माझ्याकडे वळून विचारतो, "वयनी, दादा खंय गेले ओ?" पमाताई गेली हे त्याला ठाऊक असतं. तिच्यासाठी तो दोन शब्द हळहळतोही. बरी होती बिचारी, म्हणतो. पण काम असतं दादांकडे. दादांनी दुसरीकडे कुठे दुकान थाटलं का, मालवणात की कुडाळात, एवढंच त्याला हवं असतं. पूर्वी मी अशांशी भांडायचे. आता माहीत नाही म्हणते आणि कापड कापत राहते.

आणि खरं सांगू, तो माणूस गेला की माझे कान त्या भिंतीला लागतात. भिंत कसली, आमच्या दोन दुकानांमध्ये नुसत्या फळ्या आहेत. पलीकडून आता खोकला येईल असं वाटतं. दादा नव्हते, त्या दुकानात कधीच नव्हते, हे या बाजारात माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नाही. तरी मेले कान लागतातच.

पमाताई म्हणजे सदा कंडक्टरची बायको. खरं नाव प्रमिला. माहेर कुणकेश्वरच्या बाजूचं, इथून तसं लांबच. अंगाने काटकुळी, पदर घट्ट खोवलेला, आणि बोलणं इतकं हळू की ब्लाउजचं माप सांगायलाही अगदी जवळ यायची. लग्नानंतर काही वर्षांनी तिने काय मनात घेतलं कोण जाणे, कुडाळला रोज ये-जा करून कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात ती एकटीच बाई. पहिल्या दिवशी तिथल्या सरांनी तिला टायपिंगच्या खोलीचा रस्ता दाखवला होता. तिने त्या खोलीत डोकावून बघितलं, आणि परत येऊन मागच्या बाकावर बसली. हे ती मला हसत सांगायची, पण हसताना नखाने टेबल खरवडायची.

कोर्स झाल्यावर तिने माझ्या शेजारचा गाळा घेतला. उद्घाटनाला बाजारातले सगळे जमले. नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि आमच्या बाजारातल्या जाणत्या माणसाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या सदान जो काय नवो धंदो सुरू केल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, होय म्हाराजा. सदा खाकी कपड्यात, खांद्याला तिकिटाची पिशवी लावून उभा होता. त्या माणसाला घरातला बल्ब बदलता येत नाही. बदललाच तर शेजाऱ्यांचा जातो. तो ओशाळा होऊन बायकोकडे बघत होता आणि पमाताई नारळाकडे. मी मनात म्हटलं, देवाकडेच अर्ज चुकीच्या नावाने गेलाय, आता बघा काय होतं ते.

झालं तेच. गिऱ्हाईक यायचं, पायरी चढायचं, पमाताईकडे बघायचं आणि मग तिच्या मागे, बाजूला, कोपऱ्यात नजर फिरवायचं. हरवलेली वस्तू शोधावी तसा तो माणूस दुकानात बापयो, म्हणजे कुणी पुरुष, शोधायचा. आता मला सांगा, मी शिलाई मशीन उलटी करून तिचं पोट उघडते, तेल घालते, पट्टा बदलते, सुईचं टायमिंग लावते. मला आजवर कुणी विचारलं नाही, तुमचा माणूस कुठे आहे म्हणून. शिलाई मशीन बाईच्या हातात शोभते म्हणे. ती कुणाला यंत्र वाटतच नाही, दुसरी चूल वाटते.

एके दिवशी गुरुजी आले. आमच्याकडचे जुने प्राथमिक शिक्षक, अर्ध्या बाजाराला त्यांनी बाराखडी शिकवलेली. अतिशय सज्जन माणूस, हे आधीच सांगते. कॉम्प्युटरची पेटी त्यांनी चादरीत गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून आणली होती. त्यांनीही आधी दुकानभर नजर फिरवली आणि मग विचारलं,

"बाय, माणूस खंय आसा?"

"कसलो माणूस?"

"ह्या दुरुस्त करणारो."

"मीच करतंय, गुरुजी."

गुरुजी हसले. कुचेष्टेने नाही, मायेनेच. म्हणाले, तसं नव्हे, यात माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत, काही इकडचं तिकडे झालं तर घरी तोंड दाखवायला जागा नाही. आणि चादर पुन्हा नीट गुंडाळून ते पायरी उतरले. त्या दिवशी दुपारी पमाताई डबा घेऊन माझ्याकडे जेवायला आली आणि भात चिवडत बसली. म्हणाली, "यंत्राक बाय-बापयो कळणा नाय. तेका हात कळता." हे तिचं पुढे नेहमीचंच वाक्य झालं. पण पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा दारात. कुडाळची एस.टी. चुकली होती आणि पेटी घेऊन उन्हात उभं राहवेना. म्हणाले, जरा सावलीला बसतो. मी फळीच्या फटीतून बघत होते. पमाताई उठली, तिने गुरुजींच्या मांडीवरची पेटी उचलली आणि अगदी सहज म्हणाली, "द्या हंय. दादा आत आसत. तेंका दाखवतंय."

मी चमकले. आत म्हणजे मागची अंधारी खोली. तिथे मोडके खोके आणि पाण्याची घागर. दादा कोण? मी फटीला डोळा लावला तर आत पमाताई एकटीच. तिने भराभर पेटी उघडली, फुंकर मारली, काहीतरी काढलं, खोडरबराने घासलं, परत बसवलं. आणि मग मान वर करून खोकली. जाड, घोगरा, पुरुषी खोकला. माझ्या हातातला टाचण्यांचा डबा पडता पडता राहिला. बाहेर येऊन ती गुरुजींना म्हणाली, दादा म्हणतात, आतला एक भाग सैल झाला होता, धूळही बसली होती, फोटोंना काही झालेलं नाही. गुरुजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघ," ते म्हणाले, "जाणत्या हाताची गोष्टच येगळी." आणि खोलीच्या दिशेने हात जोडून निघून गेले.

आठवडाभरात सगळ्या बाजाराला कळलं की सदाच्या बायकोचा भाऊ मोठा कारागीर आहे. पमाताई माझ्याकडे माप घेऊन आली, आतल्या खोलीच्या दाराला पडदा हवा म्हणून. निळ्या चौकड्यांचं चादरीचं जाड कापड मीच निवडलं, मीच शिवलं. खालून चार बोटं फट राहिली. ती म्हणाली असू दे, वारा येतो.

मग दादा वाढत गेले. सदाच्या जुन्या चपला पडद्याबाहेर आल्या, खुंटीवर एक शर्ट आला. दादांना माणसं सोसत नाहीत. दादांना बिनसाखरेचा कोरा चहा लागतो. दादा रागीट आहेत. ही शेवटची गोष्ट फार कामाची होती, कारण पमाताईला स्वतःच्या तोंडाने जे कुणाला सांगता आलं नसतं ते दादा सांगायचे. दादा म्हणतात, पेटीवर पुन्हा पाणी सांडलं तर इथे आणू नका. दादा म्हणतात, दुसऱ्याकडे खोलून मग आमच्याकडे का आणलं? मोठमोठे बागायतदार मान खाली घालून ऐकायचे. पडद्याबाहेर ती नुसती पुटपुटायची, माका काय कळणा नाय बाबा, दादाक इचारतंय. पडद्यामागे गेली की तिची पाठ ताठ व्हायची. मी फटीतून बघितलंय ना. तारा जोडणाऱ्या वितळलेल्या सोल्डरचा धूर तोंडावर घेत, ओठ घट्ट मिटून, नखाएवढ्या जागेवर ती असा टाका घालायची की माझ्यासारखीने काजं करणं सोडावं.

बाजाराने बाकीचं पुरवलं. चहाच्या टपरीवाला सांगायचा, दादा उंच आहेत, चष्मा आहे. न्हावी म्हणायचा, महिन्याने एकदा माझ्याकडे येतात, कमी बोलतात. एक ड्रायव्हर तर शपथेवर सांगायचा की ते सकाळच्या पहिल्या गाडीने येतात आणि मागच्या शेताच्या बांधावरून दुकानात शिरतात. कुणी विचारलंच तर सदा म्हणायचा, मेवणो जरा एकलकोंडो आसा. सदा सोडला तर कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे त्यातलं भयंकर. प्रत्येकाला खरंच दिसले होते.

आणि मी? मला सगळं माहीत. तरी एकदा वाऱ्याने पडदा जोरात हलला आणि माझा हात आपोआप पदर सारखा करायला गेला. पमाताई समोर बसून बघत होती. आम्ही दोघी हसलो नाही.

काम नीट झालं की ते दादांच्या हाताचा गुण. बिघडलं की, पमा, तू काय केलंस गो? हा हिशेब इतका पक्का होता की पुढे पुढे तीही तसंच म्हणू लागली. एखादं यंत्र दुरुस्त झालं नाही तर म्हणायची, माझ्याच हातातून काहीतरी झालं असेल. एखादं फार अवघड यंत्र सुरू झालं की खुशीत येऊन मला सांगायची, दादांनी कमाल केली. मला, जिला सगळं ठाऊक, तिला सांगायची. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. अगो बाई, हिला झालंय तरी काय, असं वाटायचं.

एकदा आतल्या गावातले एक काजूचे बागायतदार आले. त्यांच्या कारखान्याचा कॉम्प्युटर दादांनी दोनदा जिवंत केला होता. पण त्या दिवशी यंत्र नव्हतं, पेढ्यांचा पुडा होता. सोबत त्यांची लहान मुलगी तन्वी. कंटाळून ती फरशीवर लोळत होती. बागायतदारांनी घसा खाकरून विषय काढला. त्यांची धाकटी बहीण लग्नाची राहिली होती. दादांचं वय काय असेल ते असो, कर्तृत्ववान माणूस आहे, आम्हाला चालेल. पमाताईचा चेहरा पांढराफटक. ती म्हणाली, इचारतंय, आणि आत गेली. बराच वेळ गेला. आतून खोकला आला, पण नेहमीसारखा नव्हता, मध्येच तुटलेला. बाहेर येऊन म्हणाली, दादांना लग्न करायचं नाही, रागावू नका. बागायतदार पेढे ठेवून गेले. ते एस.टी. स्टँडकडे वळले आणि पलीकडून रडणं ऐकू आलं.

मी गेले. तेव्हा तिने सांगितलं. दादा होता. खरा होता, तिचा थोरला भाऊ. माहेरच्या पडवीत बसून गावातल्यांचे रेडिओ दुरुस्त करायचा. शाळेत जाणारी पमा त्याच्या शेजारी उकिडवी बसायची. सोल्डरची तापलेली सळई तिच्या हातात देऊन, वरून तिचा हात धरून, तो तिला टाका घालायला शिकवायचा. आई ओरडायची, चेडवाचे हात भाजवतंस, उद्या तिका लग्नाक कोण करीत? दादा म्हणायचा, हिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तो तरुणपणी काविळीने गेला. तो गेल्यावर त्याची हत्यारं माळ्यावर गेली आणि हिला स्वयंपाकाला लावलं. गुरुजी सावलीला बसले त्या दिवशी ती काहीच ठरवून बोलली नव्हती. तोंडातून आपोआप निघालं, दादा आत आसत. खोकलाही त्याचाच, लहानपणी ऐकलेला.

"दादा असो निघालो तो निघालोच," ती म्हणाली. "आता आत जातंय तेवा माका बरा वाटता. तो आसा असा वाटता."

मला तिचं दुःख कळलं, आणि भीतीही वाटली. मी तिला म्हटलं, पमा, हे बरं नव्हे, एक दिवस सांगून टाक, काम तुझं आहे. ती म्हणाली, पिंगुळीला बाहुल्यांचा खेळ बघितलास ना, खेळ चालू असताना कुणी बाहुलीला विचारतं का, दोरी कोणाच्या हातात म्हणून? आणि मला देवाची आण घातली की मी बोलायचं नाही. मी बोलले नाही. तिचं होतं ते, मी कोण सांगणार?

पण तिला सांगायचं होतं. हे मी पैजेवर सांगते. वर्षं गेली, दिवस बदलत होते. आमच्याच बाजारातल्या मुली आय.टी.ला जाऊ लागल्या, बँकेत मॅनेजर बाई आली, बायका गाड्या चालवत मालवणला जाऊ लागल्या. पमाताई त्यांच्याकडे टक लावून बघायची. एखादी मुलगी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काही विचारायला यायची तेव्हा हिच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसायचं, आणि मग ती म्हणायची, दादाक इचारतंय. एकदा तरी, एकाने तरी, पमाताई, हे तू केलंस, असं म्हणावं. एवढंच तिला हवं होतं.

तशी वेळ आली. हायस्कुलात मुलींसाठी कार्यक्रम होता, मुलींनी तंत्रज्ञानात पुढे यावं म्हणून. मुख्याध्यापिका बाई स्वतः दुकानात आल्या, नव्या विचारांच्या, तडफदार. पायरीवर उभं राहून त्यांनी पंधरा मिनिटं पमाताईला स्त्रियांनी न्यूनगंड कसा टाकावा हे सांगितलं. आणि मग म्हणाल्या, तुमच्या दादांना प्रमुख पाहुणे म्हणून आणा, मुलींना मार्गदर्शन करतील, तुम्हीही या, त्यांना फूल द्यायला. मला पलीकडे हसावं की रडावं कळेना. पण पमाताईने मान डोलावली. त्या गेल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ह्या येळेक सांगून टाकतंय. चेडवांसमोर खोटा नाय बोलवचा." मी तिला मोरपंखी ब्लाउज शिवला, पैसे घेतले नाहीत आणि तिच्याबरोबर शाळेत गेले.

हॉल मुलींनी भरलेला. टेबलावर एक कॉम्प्युटरची पेटी उघडायला ठेवलेली. दादा आले नाहीत हे बघून बाईंचा चेहरा उतरला, पण त्या सावरल्या आणि माइकवर म्हणाल्या, हरकत नाही, त्यांच्या भगिनी आल्यात, त्यांनी भावाला काम करताना बघितलंय, त्या आपल्याला पेटी उघडून दाखवतील. पमाताई उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. मग स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि तिचा हात थरथरायला लागला.

तोच हात. मी त्या हाताला वर्षानुवर्षं फटीतून बघत आले होते, तो कधी केसभर हलला नव्हता. आता स्क्रूवर टोक बसेना. इतक्या डोळ्यांसमोर, उजेडात, पडद्याबाहेर तिने कधी यंत्राला हात लावलाच नव्हता. एकदा घसरलं, दोनदा घसरलं, मग स्क्रू-ड्रायव्हर हातातून सुटून खाली घरंगळला. मागे एक शिक्षक दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलले आणि दोघे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलून पमाताईला दिला. बागायतदारांची तन्वी. पमाताई वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि मग माइकवर म्हणाली, "दादा आसते तर बरा सांगले असते." बस्स. खाली येऊन बसली. टाळ्या वाजल्या, त्याही दादांसाठीच.

पुढे काही दिवसांनी मी दुकान उघडायला आले तर पडदा काढलेला. ती बाहेर टेबलावर हत्यारं मांडून बसली होती. एक ओळखीचं गिऱ्हाईक आलं, समोर उभं राहिलं, आणि पुन्हा तेच, हात चळचळा कापायला लागले. दुपारी तिने पडदा परत लावला. मी रागावले. म्हटलं, थोडी कळ काढ, सवय होईल, लोकांना सांग की दादा गेले. तिने पडद्याची कड सारखी केली आणि माझ्याकडे वळली.

"एकदा मेलेल्याक परत कसा मारू गो? आणि तो गेलो तर माझे हात चलतले काय?"

त्यानंतर आमच्यात तो विषय झाला नाही. ती चहा मागवायची, कोरा, बिनसाखरेचा, आणि पडद्यामागे जाऊन प्यायची. खोकला हळूहळू खरा झाला. धुराने की कशाने, देव जाणे. ती बाहेर बसलेली असतानाही आता तोच घोगरा खोकला यायचा आणि ती तोंडावर पदर धरायची, कुणी ओळखेल म्हणून. मी डॉक्टरकडे ने म्हणून सदाच्या मागे लागले. नेलं, तोवर उशीर झाला होता. छातीत काहीतरी होतं. चतुर्थीचे गणपती गेले आणि मागोमाग पमाताई गेली.

सकाळी तिच्या घरी गेले तर खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बाजार लोटलेला. गुरुजी, टपरीवाला, न्हावी, मुख्याध्यापिका बाई, सगळे. सदा भिंतीला टेकून नुसता बसला होता. आत आम्ही बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं. आता साडी. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते, भावाने आणलेली. ती येईपर्यंत आमच्याकडे थांबतात. पमाच्या माहेरी आता कुणीच उरलेलं नव्हतं, हे सदाला ठाऊक आणि मला. पण खळ्यातले सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. दादा येतीत. बहिणीसाठी आज तरी बाहेर येतीत. इतक्या वर्षांत न दिसलेला माणूस बघायला मिळणार म्हणून काही जण पुढे सरकूनही उभे होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ऊन चढलं. कुणीतरी म्हणालं, कसो भाव म्हणायचो ह्यो?

मग मला राहवलं नाही. देवाची आण होती, पण जिने घातली ती आत थंड पडली होती. मी दारात येऊन ओरडले, "दादा येवचो नाय. दादा नायच आसा. तुमच्या सगळ्यांच्या पेट्यो हिणाच उघडल्यान, हिणाच जोडल्यान."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे सगळे दयेने बघत होते. टपरीवाला हळूच म्हणाला, माझ्या हातचा चहा जायचा की त्यांना. आणि गुरुजी उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, "वयनी, दुख्खात माणूस कायय बोलता. तुमी बसा जरा. मी स्वता तेंचो खोकलो आयकलंय." मला रडूच कोसळलं. मेल्यावरसुद्धा ही बाई पडद्यामागेच राहणार, असं वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर स्कूटर थांबली. तन्वी. ती आता शिकून मोठी झालीय, पुण्याच्या कंपनीचं काम गावातल्या घरी बसून करते. रेंज नसली की काजूच्या बागेत खुर्ची टाकून बसते आणि लोक कौतुकाने लांबून बघतात. तिच्या हातात कागदात गुंडाळलेली हिरवी साडी होती. सगळे एकदम पुढे झाले. गुरुजींनीच विचारलं, "दादान धाडल्यान काय गो बाय?"

"नाय, गुरुजी. मी घेवन इलंय." ती सगळ्यांकडे वळली. "बाबा आत्येची सोयरीक घेवन इल्ले तेवा मी थंयच फरशेवर आडवी होतंय. परद्याखालसून सगळा बघितलंय. आत दादा नाय होतो. ताईच होती. एकटी."

गुरुजी तिच्याजवळ आले.

"मगे तो खोकलो कोणाचो?"

"तिचोच."

गुरुजी खाली बसले. तिथेच, मातीत.

तन्वी आणि मी आत आलो. साडी उलगडताना मी तिला विचारलं, इतकी वर्षं तू कुणाला बोलली नाहीस? ती म्हणाली, आत ताई रडत रडत पुरुषासारखी खोकत होती आणि तिला मी खालून दिसले. तिने ओठांवर बोट ठेवलं. मग कशी बोलणार? आणि शाळेत, मी विचारलं, तुझ्या कानात काय म्हणाली ती?

"म्हणाली, तू परदो लावू नको हां बाय."

आम्ही दोघींनी साडी पांघरली. आमच्याकडे गळ्यापासून पायापर्यंत सगळं झाकतात. मी झाकत आले आणि उजव्या हाताशी थांबले. बोटांच्या टोकांवर, अंगठ्याच्या कडेला सोल्डरचे बारीक काळे डाग होते, जुने, नवे, एकावर एक. एक म्हातारी म्हणाली, हात आत घे गो. मी घेतला नाही. तो तसाच साडीवर ठेवला, तळवा वर करून.

तिला खळ्यात आणलं. एकेक जण फूल ठेवून पाया पडू लागला. गुरुजी सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी पायांकडे वाकता वाकता तो हात बघितला, चष्मा वर करून अगदी जवळून बघितला, आणि फूल पायांवर न ठेवता त्या हातात ठेवलं.